गावच्या घराचे चार कॅमेरे क्लाउडला जोडले त्याला दहा महिने झाले, सगळा अनुभव

गुहागरकडे आमचं घर, आई-बाबा दोघंच असतात आणि मी पुण्यात. गेल्या दिवाळीला चार आयपी कॅमेरे लावले, एक पडवीला, एक गेटवर, दोन मागे बागेकडे. आधी नुसता रेकॉर्डर होता, पण तो घरातच असतो ना, चोराने तोच उचलून नेला किंवा वीज पडून उडाला तर बघणार काय, म्हणून क्लाउड घेतलं, म्हणजे रेकॉर्डिंग नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. आता गणपती पण झाले, अख्खा पावसाळा त्यावरून गेलाय, म्हणून आता लिहितो. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या.

मी आधी जुन्या सवयीने पोर्ट फॉरवर्डिंग करायला बसलो, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायला राउटरमध्ये वाट उघडायची, दोन रात्री गेल्या. शेवटी राउटरमध्ये बाहेरचा आयपी बघितला तर तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, सीजीनॅट म्हणतात ते, बाहेरून आत यायला वाटच नाही. आणि नाही तेच बरं, २०१६ मध्ये मिराय मालवेअरने असेच नेटवर उघडे राहिलेले, फॅक्टरी पासवर्डवाले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. क्लाउडवाल्यांचा गेटवे प्रोग्राम घरातल्या मिनी पीसीवर टाकला, तो घरच्या नेटवर्कमधूनच कॅमेऱ्यांचा आरटीएसपी स्ट्रीम, म्हणजे चालू व्हिडिओ, उचलतो आणि वेबसाइटी वापरतात त्याच ४४३ पोर्टने आपणहून बाहेर पाठवतो, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. तुमच्या प्लॅटफॉर्मला असा गेटवे आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा.

तरी एक कॅमेरा काही केल्या जोडला जाईना. पासवर्ड बरोबर, कॅमेऱ्याच्या पेजवर लॉगिन होतंय, क्लाउडमध्ये नाही. कारण काय तर पासवर्डमध्ये ॲट द रेटचं चिन्ह होतं, आरटीएसपीच्या पत्त्यात पासवर्डनंतर तेच चिन्ह येतं, मग पासवर्ड कुठे संपला ते त्याला कळत नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती ठरलेली पद्धत) बंदच येतं, ते चालू करून त्याचा वेगळा युजर बनवावा लागतो, हे मला बॉक्समधल्या कागदावर कुठेच दिसलं नाही.

सगळ्यात जास्त छळलं घड्याळाने. आमच्याकडे लाईट जाते, आणि आली की गेटचा कॅमेरा क्लाउडवर ऑफलाइन. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्डबरोबर वेळ पण जाते, लाईट गेली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जायचं आणि लॉगिन नाकारलं जायचं. वर टाइमझोन फॅक्टरीतूनच जीएमटी अधिक ८ वर, म्हणजे अडीच तास पुढे. चारही कॅमेऱ्यांना अधिक ५:३० केलं, एनटीपी लावलं, म्हणजे घड्याळ नेटवरून आपोआप जुळतं, आणि राउटरमध्ये प्रत्येकाचा आयपी त्याच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कायमच्या नंबरवर, बांधून टाकला, नाहीतर लाईट आली की पत्ते बदलतात. राउटर, फायबरचा डबा, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देतो तो), मिनी पीसी सगळं इन्व्हर्टरवर घेतलं. त्यानंतर आईचा "अरे कॅमेरे बंद दिसतायत का तुला" हा फोन बंद झाला.

आता अपलोड. प्लॅन ४० एमबीपीएसचा, पण संध्याकाळी अपलोड मोजलं तर ६-७ च. एक कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास पाठवला तर दिवसाला २१.६ जीबी, चार मिळून ८६ जीबीच्या वर, म्हणजे महिन्याला २६०० जीबीच्या आसपास, आणि आमच्या प्लॅनची मर्यादा ३३०० जीबी. डेटात बसतं, स्पीडमध्ये बसत नाही, बाबांचा व्हिडिओ कॉल तुटायला लागला. म्हणून क्लाउडला गेटचा मेन स्ट्रीम २ वर, पडवी १ वर, बागेचे दोन्ही सब स्ट्रीमवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कमी क्वालिटीच्या दुसऱ्या व्हिडिओवर, ५१२ केबीपीएसने. रेकॉर्डर काढला नाही, त्यात चारही कॅमेरे पूर्ण क्वालिटीत जातात, फक्त १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांतच भरते.

जूनमध्ये पाऊस लागला आणि गणित परत बिघडलं. बिटरेट (सेकंदाला किती डेटा जातो तो) व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा, असेल तर पावसाच्या रेघा, हलणारी झाडं, रात्रीचा नॉइज, सगळं कॅमेऱ्याला हालचालच वाटते आणि तो बिटरेट वर नेतो, गेटचा २ चा ४ वर गेलेला मी बघितला. कॉन्स्टंटवर टाकल्यावर थांबलं. कोकणात लावणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

अलर्टचं पण तसंच, साध्या मोशनवर रात्रीत दोनशे नोटिफिकेशन, रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे अंधारात बघायचा त्याचा उजेड, लागला की समोर किडे येतात आणि किड्यांपाठोपाठ कोळी लेन्ससमोरच जाळं विणतो. फक्त माणूस ओळखला तर अलर्ट असं ठेवल्यावर रात्रीचे दोन-तीन राहिले, आणि बाबा दर रविवारी झाडूने जाळी काढतात. बागेतला एक कॅमेरा रात्रीच रिस्टार्ट व्हायचा, ती केबल तांब्याची नाहीच निघाली, वरून तांब्याचा मुलामा असलेल्या ॲल्युमिनियमची, ७० मीटर अंतर, इन्फ्रारेड लागला की व्होल्टेज पडायचं. शुद्ध तांब्याची कॅट ६ ओढली आणि विषय संपला. लावणाऱ्याने सांगितलं असतं तर पैसे दोनदा गेले नसते, याचा राग अजून आहे.

आईने ओटीवर कॅमेरा लावू दिला नाही, तिथे बायका येऊन बसतात म्हणाली. बरोबर होतं तिचं, मी हट्ट केला नाही.

प्लॅटफॉर्म घ्यायचा तर घ्या, मी तरी सोडणार नाही. एकच चूक झाली, चौदा दिवसांचं रेकॉर्डिंग घेतलं. गणपतीआधी मागची साफसफाई करताना बाबांना दिसलं की विहिरीच्या पंपाची केबल कापून नेलीय. पावसात पंप चालवतोच कोण, त्यामुळे कधी गेली पत्ता नाही. क्लाउडवरचं सगळ्यात जुनं फुटेज उघडलं तर त्यातही केबल नव्हतीच, रेकॉर्डरमध्ये तर त्याहून कमी दिवस. बागेच्या दोन कॅमेऱ्यांना त्याच रात्री तीस दिवसांचा प्लॅन घेतला.