‘८८’ हा आकडा व्होल्टचा नव्हता : इम्पॅक्ट रेंचच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

पाठीच्या दुखण्यामुळे चाकाच्या पान्यावर जोर देणे मला जमेनासे झाले, म्हणून टायरची अदलाबदल घरच्या घरी करता यावी यासाठी मी बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक इम्पॅक्ट रेंच, म्हणजे आतून ठोके देत नट फिरवणारे यंत्र, ऑनलाइन मागवला. त्या खरेदीत मी फसलो. पैसे गेले ते गेलेच, पण ज्या यंत्राच्या भरवशावर मी एखाद्या रात्री आडरस्त्यावर चाक बदलायला बसलो असतो, ते यंत्र त्या कामाचे नव्हतेच, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

विक्रेत्याच्या जाहिरातीत चार गोष्टी ठळकपणे लिहिल्या होत्या : बॅटरीवर ‘८८ व्हीएफ’ (जे मी ८८ व्होल्ट असे वाचले), क्षमता १९,८०० मिलीअँपिअर-तास, टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर ५२० न्यूटन-मीटर आणि मोटर ब्रशलेस, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ब्रश नसलेली. सोबतच्या चित्रफितीत एक माणूस चाकाचे पाचही नट काही क्षणांत काढून दाखवत होता. बहुतेक मोटारींच्या चाकांचे नट साधारण ९० ते १४० न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात, हे मला गाडीच्या पुस्तिकेमुळे आणि थोड्याफार वाचनामुळे ठाऊक होते. त्यामुळे ५२० हा आकडा वाचून मी निश्चिंत झालो आणि तो खरा आहे की नाही हे तपासण्याचा विचारही मी केला नाही.

यंत्र आले त्याच दिवशी मी ते वापरून पाहिले. आदल्या आठवड्यात मीच हाताने आवळलेले नट त्याने सहज काढले आणि पुन्हा बसवले. समाधानाने मी ते पेटीत ठेवून दिले. ही माझी पहिली मोठी चूक होती, कारण मी घेतलेली परीक्षा अगदीच सोपी होती आणि माल परत करण्याची मुदत त्या पेटीबरोबरच कपाटात पडून राहिली.

काही महिन्यांनी टायरच्या दुकानात चाके काढून पुन्हा बसवली गेली. तिथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने नट आवळतात आणि ते बऱ्याचदा गरजेपेक्षा घट्ट बसतात. त्यानंतर घरी चाक काढायला घेतले, तर माझा रेंच नुसता ठोके देत राहिला. अर्ध्या मिनिटात जळका वास येऊ लागला. हवा जाण्याच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसत होत्या, म्हणजे मोटर ब्रशची होती, कारण ब्रशलेस मोटरमध्ये ठिणगी पडायला ब्रशच नसतात. दुसऱ्या नटावर सोबत आलेल्या चकचकीत सॉकेटला, म्हणजे नटावर बसणाऱ्या पोकळ तोंडाला, उभी चीर गेली. अखेर सुमारे ४० सेंटीमीटर लांबीचा पाना लावून मी त्याच्या टोकावर उभा राहिलो, तेव्हा करकरत नट सुटला. माझे वजन ७० किलो आहे, म्हणजे तिथे लागलेला टॉर्क फार तर पावणेतीनशे न्यूटन-मीटर होता. यंत्र खरोखरच ५२० न्यूटन-मीटरचे असते, तर तो नट त्याने काही ठोक्यांतच सोडवायला हवा होता.

विक्रेत्याला लिहिल्यावर पहिले उत्तर आले की नट गंजलेले असतील. मी नटांची छायाचित्रे पाठवली. मग उत्तर आले की ५२० हा ‘कमाल’ आकडा आहे आणि तो प्रयोगशाळेतील परिस्थितीत मिळतो. व्होल्टेजबद्दल विचारले, तेव्हा ‘८८ व्हीएफ’ हे केवळ मॉडेलचे नाव असून आपण व्होल्ट असे कुठेही म्हटलेले नाही, असे मला कळवण्यात आले. जाहिरात पुन्हा वाचली, तर खरोखरच ‘व्होल्ट’ हा शब्द त्यात नव्हता. शेवटी किमतीचा थोडासा भाग परत देण्याची तयारी दाखवून, त्या बदल्यात तक्रार मागे घेण्याची अट घालण्यात आली. ती मी नाकारली.

त्यानंतर मी शांतपणे हिशोब मांडला आणि जे खरेदीपूर्वी पाच मिनिटांत दिसले असते, ते तेव्हा दिसले. अशा बॅटरीतील लिथियम-आयन सेलचे सरासरी व्होल्टेज सुमारे ३.६ असते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ पर्यंत जाते. पाच सेल मालिकेत जोडले की सरासरी १८ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट मिळतात. एकाच बॅटरीवर कुणी १८ लिहितो, कुणी २० आणि कुणी २१, त्याचे कारण हे आहे, आणि तेवढ्यापुरता तो फरक फसवणुकीचा नाही. पण ८८ व्होल्ट आणि १९,८०० मिलीअँपिअर-तास हे दोन्ही आकडे खरे मानले, तर ती ऊर्जा १,७०० वॅट-तासांहून अधिक होते. त्यासाठी चांगल्या प्रतीचे सुमारे १६० सेल लागतील आणि नुसत्या सेलचेच वजन सात किलोंच्या वर जाईल. माझ्या हातातली बॅटरी अर्ध्या किलोचीही नव्हती. ती उघडली, तेव्हा दहा सेल मावतील एवढ्या कवचात पाचच सेल निघाले, प्रत्येकी १,५०० मिलीअँपिअर-तासांचे. म्हणजे सगळे मिळून अवघे २७ वॅट-तास. लिथियमची बॅटरी उघडताना शॉर्ट होऊन आग लागू शकते, म्हणून ती कुणीही उघडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याची गरजही नसते. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीच्या टोकांना मल्टीमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावला, की खरा आकडा बाहेरूनच कळतो.

त्याहूनही सोपी खूण चार्जरवर असते. माझ्या चार्जरच्या मागे बारीक अक्षरांत ‘आउटपुट २१ व्होल्ट’ असे स्पष्ट छापलेले होते. बॅटरीवर कोणताही आकडा चिकटवता येतो, पण पाच सेलच्या बॅटरीला चार्जर मात्र २१ व्होल्टचाच द्यावा लागतो, नाहीतर ती बिघडेल किंवा पेटेल. म्हणून असे यंत्र घेण्यापूर्वी चार्जरच्या लेबलचे स्वच्छ छायाचित्र मागावे. जो विक्रेता ते पाठवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

ती चित्रफीत मी आता आवाज वाढवून पुन्हा पाहिली. इम्पॅक्ट रेंचमध्ये मोटर एका हातोड्यासारख्या वजनाला फिरवते आणि पुरेसा विरोध आला, की ते वजन स्प्रिंग दाबत मागे सरकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुन्हा पुन्हा आघात करते. विरोध नसेल तर ते साध्या ड्रिलसारखे गुळगुळीत फिरते. घट्ट नट सुटताना आधी ठोक्यांचा खडखडाट ऐकू यायलाच हवा. त्या चित्रफितीत पहिल्या क्षणापासून नट घरघरत फिरत होते आणि ठोका एकही नव्हता, याचा अर्थ ते आधीच सैल करून ठेवलेले होते.

टॉर्कच्या बाबतीत आवळण्याचा आकडा आणि घट्ट नट सोडवण्याचा आकडा हे वेगळे असतात, आणि दुसरा नेहमी मोठा असल्याने जाहिरातीत बहुधा तोच छापतात. दोन्ही स्वतंत्रपणे सांगणारा उत्पादक मला अधिक विश्वासार्ह वाटतो. सॉकेटही स्वतंत्र घ्यावेत. इम्पॅक्टसाठीचे सॉकेट जाड भिंतीचे, काळपट आणि क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे असतात. चकचकीत सॉकेट हातपान्यासाठी असतात आणि आघाताने फुटून त्यांचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

यंत्र हाती आल्यावर परत करण्याच्या मुदतीतच त्याची खरी परीक्षा घ्यावी. गाडी जमिनीवर उभी असताना, हँडब्रेक ओढून, एक नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावा आणि मग यंत्राने सोडवून पाहावा. माझ्या यंत्राने १०० न्यूटन-मीटरला आवळलेला नट बऱ्याच ठोक्यांनंतर कसाबसा सोडला आणि १४० चा सोडलाच नाही. ही परीक्षा नुकत्याच आवळलेल्या, स्वच्छ नटावर होते, त्यामुळे गंजाची सबब पुढे करता येत नाही. तिचे अखंड चित्रीकरण करावे, त्यात टॉर्क रेंचचा आकडा, बॅटरीचे लेबल आणि चार्जरचे लेबल एकापाठोपाठ दिसू द्यावे, आणि तक्रार फोनवर न करता लेखीच करावी. माझ्याकडे हे चित्रीकरण आहे, पण ते मुदत संपल्यानंतरचे आहे.