निवासी शाळेत अभ्यास आणि गायन एकत्र : एका शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

आमचा मुलगा गेल्या एप्रिलपासून ग्वाल्हेर शहराबाहेरच्या एका निवासी शाळेत आठवीत शिकत आहे. शाळा सीबीएसईची आहे आणि नेहमीच्या विषयांबरोबर गायन, तबला, कथक किंवा नाट्य यांपैकी एका कलेचे नियमित शिक्षण देते. मुलाने हिंदुस्थानी कंठसंगीत घेतले आहे. वर्ष आता संपत आले आहे आणि पुढच्या वर्षाचे अर्ज हाती पडले आहेत. आपल्या मराठी मंडळींपैकी काही पालक याच विचारात असल्याचे कळल्यामुळे हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण माझ्या तक्रारी एका शाळेपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात राहणाऱ्याने मुलाला त्याच गावातल्या वसतिगृहात का ठेवावे, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारून झाला आहे. त्यात ग्वाल्हेरसारखे गाव. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये सुरू केलेले शंकर गांधर्व महाविद्यालय इथलेच, माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये निघालेले माधव संगीत महाविद्यालयही इथलेच, आणि 2008 पासून राजा मानसिंह तोमरांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठही आहे. शिकवणाऱ्यांची वाण इथे कधीच नव्हती. वाण होती ती रियाजाची. शाळा अडीचला सुटे, चारला गणिताची शिकवणी, आठवड्यातून दोनदा साडेसहाला गाण्याचा वर्ग, आणि घरी येऊन जेवण झाले की मुलगा वहीवरच पेंगायचा. गुरुजींनी सांगितलेला पलटा (सरावाची स्वररचना) पुढच्या वर्गापर्यंत एकदाही घोटला जात नसे. म्हणजे महिन्याची फी भरून आम्ही तोच धडा पुन्हा पुन्हा विकत घेत होतो.

निवासी शाळेने ही अडचण खरोखर दूर केली, हे आधी स्पष्टपणे नोंदवतो. पहाटे पावणेसहा ते पावणेसात रियाज, आठपासून दुपारपर्यंत वर्ग, जेवणानंतर विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस साडेतीनला तालीम, मग मैदान आणि रात्री दोन तास अभ्यासिका, असा दिवस आहे. येण्याजाण्यात जाणारा वेळ वाचतो आणि पहाटेचा तास कोणाच्या मर्जीवर राहत नाही. मात्र त्या तासाला मुलांजवळ कोण बसते, याची चौकशी प्रवेशापूर्वी अवश्य करावी. आमच्याकडे पहिले काही आठवडे केवळ वसतिगृहाचे वॉर्डन हजेरी घेऊन जात असत. मुले ‘सा’ लावून बसत आणि त्यातली निम्मी तानपुऱ्याच्या आधाराने डुलक्या घेत. जूननंतर गायन विभागातले एक तरुण शिक्षक वसतिगृहातच राहायला आले आणि चित्र पालटले. ते शिकवत नाहीत, फक्त ऐकतात आणि मध्येच ‘गंधार पाहा’ एवढेच म्हणतात. या वर्षातला सर्वांत मोठा लाभ कोणता असे मला विचारले, तर मी मोठ्या गुरुजींच्या तालमीआधी या तासाचे नाव घेईन.

रियाजाच्या जागेबद्दलही लिहायला हवे, कारण माहितीपत्रकात ‘स्वतंत्र रियाज-कक्ष’ असे छापलेले असते. कक्ष आहेत, पण मधल्या भिंती प्लायवुडच्या आहेत. एका खोलीत पांढरी सहा या पट्टीत (हार्मोनियमची जी पट्टी ‘सा’ मानून गातात ती) मुलगी, शेजारी काळी एकमध्ये अकरावीचा विद्यार्थी आणि पलीकडे तबल्याच्या कायद्याचा, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचनेचा सराव, अशा स्थितीत आठवीच्या मुलाने खर्जाचा षड्ज, म्हणजे खालचा ‘सा’, कसा धरावा? मोबाईलला वसतिगृहात बंदी असल्याने तानपुऱ्याचे ॲप वापरता येत नाही, आणि शाळेचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे मुलांच्या संख्येपेक्षा कमी आहेत. ज्याच्या वाट्याला तानपुरा येतो तो आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवतो, म्हणून शेजारचाही फिरवतो. ऑगस्टमधल्या पालकसभेत हा विषय काढल्यावर एकाच पट्टीची मुले एका बाजूला आणि तबला पूर्णपणे दुसऱ्या मजल्यावर, अशी व्यवस्था झाली. फरक लगेच जाणवला. भिंती मात्र प्लायवुडच्याच आहेत.

अभ्यासाचे म्हणाल, तर माझी भीती बरीचशी निराधार ठरली. गुण घरी असताना होते तितकेच आहेत, गणितात किंचित वाढले आहेत. संगीतामुळे गणित सुधारते असे उत्साहाने सांगणारे लोक भेटतात. माझ्या मते ते अभ्यासिकेमुळे सुधारले. रोज ठरल्या वेळी, दूरदर्शनसंचाशिवाय आणि पाहुण्यांशिवाय दोन तास बसले, तर कोणाचेही सुधारेल. शास्त्राच्या प्रयोगांचे नुकसान झाले, पण त्याचे कारण तालीम नव्हती. त्याकडे पुढे येतो.

गुरुजी ग्वाल्हेर परंपरेतले आहेत आणि त्यांची गती संथ आहे. वर्षभरात यमन, भूप आणि अल्हैया बिलावल या रागांपलीकडे ते फारसे गेले नाहीत. पण प्रत्येकातल्या बंदिशी लयीला पक्क्या करून, हाताने ताल देत म्हणवून घेतल्या. शाळेला मात्र मुलांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वेगाने द्याव्यात असे वाटते, कारण प्रमाणपत्रांचे छायाचित्र छापता येते. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, आणि सत्रे दोन, एक एप्रिल-मेच्या सुमारास व दुसरे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. ज्या मंडळाचे मूळ विष्णु दिगंबर पलुसकरांच्या 1901 च्या लाहोरच्या विद्यालयात आहे, आणि ज्यांच्या गुरूंनी, म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, ही गायकी ग्वाल्हेरात येऊन कष्टाने मिळवली, त्या परीक्षांविषयी मला आदरच आहे. परंतु परीक्षेसाठी रागांची यादी उरकणे आणि एक राग पुरता शिकणे या दोन गोष्टींत गुरुजींनी दुसरी निवडली, आणि आम्ही त्यांच्या बाजूने राहिलो. मुलगा या वर्षी एकच परीक्षा देईल.

आता मुख्य मुद्दा. अशा शाळेत प्रवेश घेताना पालक ‘अभ्यास आणि कला यांचा मेळ बसेल का’ असे विचारतात, आणि मीही तेच विचारले होते. वर्षभर पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की या दोघांचे भांडण फारसे नाहीच. दोघांच्याही वेळेवर डल्ला मारतो तो कार्यक्रम. स्वातंत्र्यदिन, शिक्षकदिन, संस्थापकदिन, कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून स्वागतगीत, आंतरशालेय स्पर्धा आणि शेवटी स्नेहसंमेलन. प्रत्येकाची तालीम वेगळी आणि प्रत्येकात कलाशाखेची मुले पुढे. स्नेहसंमेलनाआधीचे काही आठवडे पहाटेचा रियाज बंद होता, दुपारची तालीम बंद होती, आणि शास्त्राचे प्रयोग दोन वेळा बुडाले. मुले त्या काळात काय करत होती? ध्वनिमुद्रित ठेक्यावर चित्रपटगीतांचे तुकडे जोडून केलेले समूहगान, तेच तेच, ओळीत उभे राहून. त्यात शिकण्यासारखे काही नसते असे मी म्हणणार नाही, रंगमंचावर उभे राहण्याची सवय होते. पण ती सवय एका आठवड्यात होते, उरलेले आठवडे ओळी सरळ करण्यात जातात.

याच काळात मुलाचा आवाज फुटला. हा भाग तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांच्या पालकांनी लक्षपूर्वक वाचावा. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि मुलग्यांचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो; मधल्या काळात तो घोगरा होतो, अचानक चिरकतो, आणि कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, आज लागत नाही. दिवाळीच्या सुटीत घरीच आम्हाला तो बदल जाणवला. परतल्यावर गुरुजींनी पांढरी सहा सोडवून त्याला खाली आणले, ताना पूर्णपणे थांबवल्या, गाण्याचा वेळ निम्मा केला आणि उरलेल्या वेळात हार्मोनियमवर अलंकार, तालाची पाटी आणि जुन्या गायकांचे ध्वनिमुद्रण ऐकणे असा क्रम लावला. ‘गळा नवा येतो आहे, त्याला येऊ द्या’, एवढेच त्यांनी आम्हाला सांगितले. दुसरीकडे स्नेहसंमेलनाच्या नृत्यनाट्यात त्याच्या वाट्याला आलेल्या ओळी सप्टेंबरमध्येच, त्याच्या जुन्या पट्टीत, बसवल्या गेल्या होत्या. बसवणाऱ्या शिक्षकांनी पट्टी बदलायला नकार दिला, कारण ठेका आधीच ध्वनिमुद्रित झाला होता. मुलगा रोज दोन तास वरच्या स्वरांवर ओरडत होता आणि गुरुजींसमोर गेला की बोलायलाही त्रास होत होता.

गुरुजींनी विरोध केला, प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत गेले, आणि आम्ही लेखी पत्र दिले. उत्तर सौम्य होते, पण निर्णय यायला वेळ लागला. शेवटी त्याला गायनातून काढून मृदंगवादकाची मूक भूमिका दिली. तो नाराज झाला, कारण मित्र गात होते. गळ्याला मात्र विश्रांती मिळाली, आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सूज नसल्याचे सांगितले. कार्यक्रमाच्या दिवशी पालकांना सर्वाधिक टाळ्या याच नृत्यनाट्याला वाजवाव्याशा वाटल्या, हेही लिहायला हवे. शाळा कार्यक्रम का सोडत नाही, याचे उत्तर त्या टाळ्यांत आहे. फी भरणाऱ्याला तानपुऱ्यासमोरचा तास दिसत नाही, रंगमंच दिसतो.

सगळेच कार्यक्रम मात्र वेळ खाणारे नसतात. डिसेंबरात शाळेने मुलांना तानसेन समारोहातल्या एका रात्रीच्या सभेला नेले. 1924 पासून चालत आलेला हा समारोह ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीजवळ होतो आणि तिथे तिकीट नसते. मुले शाली लपेटून सतरंजीवर बसली, उशिरा परतली, आणि दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास शाळेने सोडून दिले. आरंभीच्या सत्रात ढोलीबुवांची हरिकथा होते हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे, पण मुलाने ती यंदा पहिल्यांदा मन लावून ऐकली, कारण गुरुजींनी आधी सांगून ठेवले होते की निरूपणात राग कुठे बदलतो ते मोजा. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरीचा दर्जा दिला, त्याचा फलक शाळेच्या फाटकावर आहे. त्या फलकापेक्षा ही एक रात्र अधिक मोलाची होती.

केरळ कलामंडलम् या 1930 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत आठवीपासून मुले राहून शिकतात, पण तिथे दिवसाचा उत्तम भाग कलेसाठी राखलेला असतो आणि शालेय विषय तिच्या भोवती बसवलेले असतात. आपल्याकडच्या ‘कलाभिमुख’ निवासी शाळा उलट बांधलेल्या आहेत : शाळा मध्ये आणि कला तिच्या दोन्ही टोकांना. यात वाईट काही नाही. आठवीच्या मुलाचे आयुष्य एका गळ्यावर लावण्याची हिंमत आमच्यातही नाही. मात्र टोकांचे तास सर्वांत आधी कापले जातात, हे लक्षात ठेवावे.

खर्चाविषयी थोडक्यात : शुल्काबाहेर परीक्षा-शुल्क, कार्यक्रमांचे पोशाख आणि बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास येतो, आणि पोशाखांचा खर्च अनपेक्षितपणे जास्त निघतो. जेवण साधे आणि पुरेसे आहे. जानेवारीतल्या धुक्यात पहाटेचा रियाज सातवर ढकलतात, ते योग्यच आहे. वातावरण संपूर्ण हिंदी असल्याने मराठी मागे पडते; आम्ही रविवारच्या भेटीत पुस्तके देतो, तो ती वाचतो असे सांगतो.

नववीसाठी आम्ही अर्ज भरला आहे. अकरावी-बारावीत सीबीएसईच्या हिंदुस्थानी संगीत विषयाला सत्तर गुण प्रात्यक्षिकाचे आणि तीस लेखीचे असतात, त्यामुळे पुढे विषय ठेवायचा ठरला तर आत्ताचा रियाज थेट उपयोगी पडेल. पण शाळेच्या अकरावीच्या वेळापत्रकात संगीत आणि भौतिकशास्त्र एकाच तासिकेला आहेत, म्हणून तो निर्णय दहावीनंतर. अर्जासोबत एक पत्र जोडले आहे : सत्रात दोनपेक्षा अधिक कार्यक्रमांत मुलाला घेऊ नये, रियाजाचा पहाटेचा तास कोणत्याही कारणाने रद्द करू नये, आणि त्याचा आवाज स्थिरावेपर्यंत पट्टी गुरुजीच ठरवतील. पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्याला शाळेने लेखी होकार दिला आहे. दुसऱ्यावर ‘शक्यतो’ असा शब्द घातला आहे, आणि तो काढून टाकावा म्हणून आमचा पत्रव्यवहार सुरू आहे.