सांधेदुखी असलेल्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी मेमरी फोमची गादी: चार महिन्यांचा अनुभव

आमची लॅब्रॅडॉर कुत्री बारा वर्षांची आहे. तिच्या खुब्याच्या सांध्यांतील कूर्चा झिजल्यामुळे रात्रभर झोपून सकाळी उठणे हेच तिच्यासाठी दिवसातले सर्वांत अवघड काम झाले होते. पुढचे पाय रोवून ती कशीबशी बसती होई, मागचे अंग उचलताना नखे फरशीवर खरडत आणि कधीकधी प्रयत्न सोडून ती नुसती आमच्याकडे पाहत राही. पशुवैद्यांची औषधे आणि वजन उतरवण्यासाठी मोजून दिलेला आहार चालू होताच. त्यांच्या जोडीला आम्ही ही गादी आणली.

गादी घेताना मऊपणापेक्षा ती दबते किती, हे पाहावे. जुनी कापसाची गादी चपटी होऊन कुत्रीचे कोपर जमिनीला टेकत आणि तेथे घट्टे पडले होते. या गादीत खाली टणक फोम व वर मेमरी फोमचा थर आहे; मी तिच्यावर गुडघा टेकून पूर्ण भार दिला, तरी खालची फरशी जाणवली नाही. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे थंडीत तो आधी कडक लागतो. म्हणून आम्ही वर लोकरीचे पांघरूण अंथरतो. तीन बाजूंना उशीसारखा काठ असून चौथी बाजू सपाट आहे, त्यामुळे तिला पाय उचलून आत यावे लागत नाही. झोपेत कधी लघवी झालीच, तर आतल्या जलरोधक आवरणामुळे फोम कोरडा राहतो आणि वरची खोळ काढून धुता येते.

तळाचे कापड मात्र गुळगुळीत आहे. पहिल्याच आठवड्यात ती उठण्यासाठी जोर लावत असताना गादी सरकली आणि तिचे मागचे पाय फाकले. त्यानंतर दोन दिवस ती गादीकडे फिरकली नाही. दुखऱ्या जनावरासाठी बनवलेल्या वस्तूत ही चूक मला अक्षम्य वाटते. खाली रबरी जाळी अंथरल्यापासून गादी जागची हललेली नाही.

वेष्टनावर ‘सांधेदुखी बरी करते’ असे छापले आहे, ते खरे नाही. झिजलेली कूर्चा गादीने भरून येत नाही, आणि या भरवशावर कोणी पशुवैद्यांकडे जाणे लांबवले किंवा घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला दिली, तर जिवावर बेतू शकते.

सकाळचा ताठरपणा अजूनही आहे. पण आता ती बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात उठते आणि पाय ताणून कुशीवर निवांत झोपते. बैठकीच्या खोलीसाठी दुसरी गादी घ्यायची आहे, ती मात्र रबरी तळाचीच घेऊ.