राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष हिवाळी शिबिर : एक परीक्षण

विद्यार्थ्यांत सामाजिक बांधिलकी रुजवण्यासाठी आपल्या विद्यापीठांकडे जे उपक्रम आहेत, त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेइतका विचारपूर्वक आखलेला दुसरा उपक्रम माझ्या पाहण्यात नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ झाला. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि त्याशिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करायचे, अशी तिची रचना आहे. यातले शिबिर हाच योजनेचा प्राण आहे, असे माझे मत आहे.

माजी स्वयंसेवक म्हणून अशी शिबिरे मी जवळून पाहिली आहेत. मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र आणि रात्री पथनाट्य किंवा गटचर्चा. श्रमदानात वनराई बंधारा सर्वांत लोकप्रिय. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत त्या नाल्यात रचायच्या. खर्च जवळजवळ नाही आणि कालपर्यंत एकमेकांना न ओळखणारी मुले घमेली हातोहात पुढे सरकवू लागतात. मात्र हा बंधारा पाऊस सरताच, नाल्यात धार असतानाच घालावा लागतो. एका शिबिरात तो परीक्षांच्या वेळापत्रकापायी जानेवारीत, आटलेल्या नाल्यात घातला गेला. छायाचित्रे उत्तम निघाली, पण पाणी अडले नाही, आणि पुढच्या वर्षी महाविद्यालयाने गावच बदलले. या प्रकाराची मला आजही चीड येते, कारण ग्रामस्थांनी त्या मुलांवर विश्वास टाकला होता.

याउलट जिथे सलग काही वर्षे तेच गाव टिकवले जाते, तिथे ग्रामसर्वेक्षणाला अर्थ येतो. घरोघरी जाऊन पाणी कुठून भरता, शौचालय वापरात आहे का, शाळा कोणी व का सोडली हे विचारताना शहरातल्या मुलाला रेशनकार्ड, ग्रामसभा, पाणीपट्टी या गोष्टी पहिल्यांदा समजतात, आणि ती माहिती शेवटच्या दिवशी सरपंचांसमोर मांडताना त्याची जबाबदारीही कळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून हे साधत नाही. माझ्या लेखी शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, तरी वेळापत्रकात त्याच्या वाट्याला जेमतेम एखादी दुपार येते. पाहुण्यांची भाषणे निम्म्यावर आणून तो वेळ सर्वेक्षणाला द्यावा.

सगळा भार कार्यक्रम अधिकाऱ्यावर असतो. शंभर स्वयंसेवकांचे एकक, अध्यापनाचे पूर्ण तास, अहवाल, हिशेब आणि मुलींच्या निवासाची काळजी हे सगळे एकाच प्राध्यापकाने सांभाळायचे, ही योजनेतील सर्वांत मोठी उणीव आहे. उत्साही अधिकारी लाभला तर एकक झळाळते. न लाभल्यास वृक्षारोपण आणि स्वच्छता मोहिमेच्या नोंदींपुरते उरते.

नाव नोंदवण्याआधी विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : दत्तक गाव किती वर्षांपासून तेच आहे, मागच्या शिबिरातील कामाची आज काय स्थिती आहे, आणि मुलींसाठी शौचालय व सुरक्षित निवासाची सोय आहे का. उत्तरे समाधानकारक असतील, तर वाढीव गुणांचा विचारही न करता अवश्य सहभागी व्हावे.