365 की 395? दोन अतिनील टॉर्च आठ महिने वापरल्यावर

अतिनील प्रकाश पडला की काही वस्तू स्वतः उजळतात, म्हणून तपासणीला ही टॉर्च वापरतात. तुलनेतल्या दोन टॉर्च अशा. पहिली बाजारात सगळीकडे मिळते ती: 51 बारीक एलईडी, तीन ट्रिपल-ए सेल, पाकिटावर ‘395 नॅनोमीटर’ (हा आकडा प्रकाशाच्या तरंगलांबीचा). दुसरी एकाच मोठ्या एलईडीची, 365 नॅनोमीटर, आत 18650 जातीचा रिचार्जेबल लिथियम सेल आणि तोंडावर झेडडब्ल्यूबी2 जातीची, दृश्य प्रकाश अडवून अतिनील सोडणारी काळी फिल्टर काच. किमतीत सात-आठ पटींचा फरक. तेवढा फरक कामातही पडतो का, तर काही कामांत पडतो, काहींत अजिबात नाही आणि दोन-तीन कामांत स्वस्त टॉर्चच वरचढ ठरते.

आधी एक गैरसमज. 365 ‘जास्त ताकदवान’ म्हणून चांगली, असं दुकानदारही सांगतात. 365 च्या फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा 3.40 इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि 395 ची 3.14, म्हणजे फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. खरी गोम डोळ्यात आहे. डोळ्याच्या संवेदनशीलतेच्या प्रमाण सारणीत 395 चा प्रकाश 365 पेक्षा सुमारे 30 पट जास्त दिसतो. त्यामुळे स्वस्त टॉर्च लावली की भिंत, हात, फरशी सगळं जांभळं होतं आणि जी वस्तू स्वतः उजळायला हवी तिचा मंद उजेड त्या जांभळ्यात बुडून जातो. वस्तू उजळत नाही असं नाही, दिसत नाही एवढंच.

म्हणून वॉटपेक्षा फिल्टर महत्त्वाचा. बिनफिल्टरची 365 टॉर्चही पांढरट-निळसर दृश्य प्रकाश सांडते. फिल्टर काढून आणि लावून एकच नोट पाहिली की काय बदलतं ते लगेच कळतं. मात्र हीच काच 395 च्या टॉर्चला लावून उपयोग नाही. झेडडब्ल्यूबी2 मधून 395 च्या आसपासचा प्रकाश फारच थोडा पार होतो, त्यामुळे जांभळ्याबरोबर कामाचा प्रकाशही अडतो.

नोटा तपासायला 365 च हवी. खोली अंधारी करा, नोट साध्या काळ्या कापडावर ठेवा (पांढऱ्या कागदावर ठेवलीत तर कागदच झगमगेल) आणि टॉर्च 10-15 सेंटिमीटरवर धरा. खऱ्या नोटेचा कागद मेलेला, मातकट दिसतो, कारण त्यात वहीच्या कागदासारखं पांढरेपणा वाढवणारं रसायन नसतं. त्या काळोख्या पार्श्वभूमीवर क्रमांकाच्या पट्ट्या पेटल्यासारख्या दिसतात आणि केसाच्या तुकड्यांएवढे तंतू इथेतिथे विखुरलेले चमकतात. 395 खाली क्रमांक दिसतात, तंतू मात्र निम्मेअधिक हरवतात आणि कागद काळा आहे की निळा हेच धड सांगता येत नाही, जे खरं तर सर्वांत आधी पाहायचं असतं. एक सावधगिरी: पँटच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही निळसर उजळते, कारण कपड्यांच्या पावडरीतलं तेच रसायन तिला चिकटतं. नुसत्या उजेडावरून नोट खोटी ठरवू नका, जलचिन्ह, धागा आणि उठावाची छपाई पाहाच.

विंचवाच्या बाबतीत मत थोडं बदलावं लागलं. विंचवाचं कवच 395 खालीही छान हिरवट-निळं उजळतं. अंगणात, मोकळ्या जमिनीवर स्वस्त टॉर्च पुरते. फरक पडतो तो जांभ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात), लाकडांच्या ढिगात, कौलांच्या चळतीत. तिथे फटीतून दिसणारी नांगीची दोन पेरं किंवा आईच्या पाठीवरून उतरलेलं पिल्लू जांभळ्या उजेडात निसटतं. फिल्टरवाली 365 चार-पाच पावलांवरून तो ठिपका दाखवते. चांदण्या रात्री हे अंतर कमी होतं. गडग्यावर दगडफूल नारिंगी-पिवळं उजळतं, प्लास्टिकचे तुकडे निळे, साबणाचे ओघळ पांढरे. विंचवाचा रंग मात्र एकदा डोळ्यांत बसला की घोटाळा होत नाही. पण काहीच उजळलं नाही म्हणून तिथे बिनधास्त हात घालू नका: नुकतीच कात टाकलेला विंचू कवच कडक होईपर्यंत उजळत नाही. आणि लाल विंचू चावला तर टॉर्च बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशावर खरा उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

आता जिथे 395 सरस ठरते ती कामं. पालकाची चार पानं चुरगाळून स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा, हिरवं पाणी गाळून काचेच्या पेल्यात घ्या आणि बाजूने प्रकाश टाका. द्रव रक्तासारखा लाल दिसतो. हरितद्रव्य जांभळा-निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून इथे 395 ची लाली अधिक गडद. हळदीचंही तसंच: स्पिरिटमधला चिमूटभर हळदीचा अर्क 395 खाली पिवळा-हिरवा पेटतो. माणकातलं क्रोमियम 400 च्या आसपास भरपूर प्रकाश शोषतं, त्यामुळे माणकाची लाल चमक या टॉर्चने चांगली येते. (कृत्रिम माणिक बहुधा जास्तच चमकतं, तेव्हा ती चमक अस्सलपणाची खूण मानू नये.) युरेनियमची जुनी हिरवी काच दोन्हींखाली उजळते. पण मँगनीज असलेली काचही 365 खाली फिकट हिरवी दिसून फसवते. 395 खाली ती जवळजवळ गप्प बसते आणि युरेनियमची काच बोलत राहते. टॉनिक वॉटरमधलं क्विनीन मात्र याच्या उलट, 395 ला फारसं दाद देत नाही.

स्वस्त टॉर्चला एक स्वस्त जोड आहे: पिवळा गॉगल. गाडीच्या एसीतली गॅसगळती शोधायच्या रंगासोबत जो येतो तोच. तो जांभळा प्रकाश अडवतो आणि हिरवा, पिवळा, लाल उजेड सोडतो. गॉगल घातला की 395 खालचा विंचू काळ्या अंधारात एकटा उरतो. एसीच्या जोडांवर, व्हॉल्व्हच्या तोंडावर, निचऱ्याच्या पाण्यात पिवळा-हिरवा रंग शोधायला ही जोडी 365 इतकीच कामाची. मागच्या दुरुस्तीचा रंग आधी पुसून घेतला नाही तर जुना डागच नवी गळती वाटतो. जिथे उजेडच निळा असतो तिथे हा गॉगल चालत नाही: नोटेचा कागद, निळा चमकणारा हिरा, कातडीवरचं कोड.

कातडीचा विषय निघालाच आहे तर, डॉक्टरांचा त्वचा तपासायचा वुड्स दिवा मुळात 365 भोवतीचाच. मांजराच्या अंगावरच्या नायट्याची एक बुरशी केसांच्या बुंध्याशी पोपटी उजळते, शिबं पिवळसर-तांबूस दिसतात, कोडाचे डाग निळसर पांढरे. 395 ने हे करू नये, जांभळ्यात पोपटी रंग ओळखूच येत नाही. 365 नेही फक्त अंदाज घ्यावा, कारण कापसाचे धागे, मलम, खपल्या हेही उजळतात आणि सगळ्या बुरशा उजळत नाहीत.

खडकांबद्दल थोडक्यात. दख्खनच्या पठारावरचे काही कॅल्साइट 365 खाली गुलाबी किंवा दुधी उजळतात. पण नागपूर जिल्ह्यात कुही-आगरगावच्या पट्ट्यात टंगस्टनचं जे शीलाइट नावाचं खनिज आहे, त्याला या दोन्ही टॉर्च काहीच करू शकत नाहीत. त्याला 254 नॅनोमीटरचा दिवा लागतो. तो हातात घ्यायचा तर डोळे आणि कातडी पूर्ण झाकलेली हवी, तिथे हयगय चालत नाही. आणि 395 ची टॉर्च ‘जंतुनाशक’ म्हणून विकली जाते ती निव्वळ फसवणूक आहे.

आता 365 च्या टॉर्चची दुखणी. या एलईडीला पूर्ण प्रवाहावर 3.6 ते 3.8 व्होल्ट लागतात. भरलेला सेल 4.2 व्होल्ट देतो, पण तो 3.8 खाली उतरू लागला की साध्या सर्किटची टॉर्च हळूहळू मंदावते. पांढरी टॉर्च मंदावलेली कळते, हिचा प्रकाशच दिसत नसल्याने कळत नाही. मग ‘आज विंचू नाहीत’ असं वाटतं. उपाय सोपा: हायलायटरची एक रेघ कागदावर मारून ठेवा आणि दर वेळी त्याच अंतरावरून ती तपासा. उष्णताही बरीच. पाच-सात मिनिटांत डोकं तापतं, आणि तापलेल्या फिल्टरवर पावसाचे थेंब पडले तर काच तडकू शकते.

डोळ्यांची काळजी 365 ला जास्त घ्यावी, कारण झोत दिसत नाही म्हणून बाहुली आकुंचन पावत नाही. स्टीलच्या ताटावरून किंवा आरशावरून परतलेला झोतही टाळा. झोताकडे तोंड झालं की समोर धुकं पसरल्यासारखं वाटतं, ते डोळ्यातलं भिंगच उजळल्यामुळे. भिंगावर ‘2सी-1.2’ अशी अतिनील अडवण्याची खूण असलेला पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा गॉगल पुरतो. खिडकीची काच 365 अडवत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

हाच गॉगल खरेदीच्या वेळीही कामाला येतो. साधा पांढरा कागद धरा, मध्ये गॉगलचं भिंग ठेवा आणि टॉर्च मारा. कागदाची निळी चमक जवळजवळ विझली तर टॉर्च 365 च्या जवळची. भिंगामागेही कागद बऱ्यापैकी चमकत राहिला तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, ती 390 च्या पुढचीच.

कोकणात, मुंबईत वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. या काळ्या फिल्टर काचेला दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात तिच्यावर पांढरट, साय धरल्यासारखा थर चढतो आणि तो कापडाने पुसून जात नाही. सुरुवातीचा थर सेरियम ऑक्साइडची ओली पेस्ट फेल्टवर घेऊन हलक्या हाताने घासला की निघतो. खोलवर गेला तर काच बदलावी लागते, म्हणून मापाची एक जादा काच आधीच घेऊन ठेवावी. जून ते सप्टेंबर टॉर्च घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवावी. आणि काम झाल्यावर लगेच डब्यात टाकू नये, डोकं आधी पूर्ण निवू द्यावं.