पेडलवरची अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं आणि हील-टो

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या सामानाच्या दुकानांत पेडल कव्हरांचा तीन नगांचा संच सहज मिळतो. दिसायला छान. पण हील-टो, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाने रेस (अ‍ॅक्सिलरेटर) देऊन खालचा गिअर टाकणं, जमावं म्हणून तो घेणार असाल, तर जरा थांबा.

आधी पायाचं काम नीट समजून घेऊ. उजव्या पायाचा चवडा, अंगठ्याच्या बाजूने, ब्रेकवर. ब्रेक दाबलेलाच ठेवून डाव्या पायाने क्लच, गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात, आणि क्लच खाली असतानाच उजव्या तळव्याची बाहेरची कड कलती करून रेसला एक टिचकी. मग क्लच सोडायचा. नावात टाच असली तरी बहुतेक गाड्यांत तिची गरज पडत नाही. टिचकी किती द्यायची? तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.28 आणि दुसऱ्याचं 1.90 असेल, तर तिसऱ्यात 2000 आरपीएमवर (मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर) चाललेलं इंजिन त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण 2970 वर लागतं. ही हजाराची तफावत आपण भरली नाही तर क्लच प्लेट घासून भरते आणि गाडी गचका खाते. पावसात निसरड्या वळणावर तोच गचका पुढची चाकं घसरवू शकतो.

खरी अडचण असते पेडलच्या उंचीची. ब्रेकचं पेडल सहसा रेसपेक्षा वर असतं. ब्रेक जोरात दाबला की दोन्ही एका पातळीत येतात. शहरातल्या हलक्या ब्रेकला येत नाहीत आणि पाय रेसपर्यंत पोचतच नाही. संचातली तिन्ही कव्हरं एकाच जाडीची असतील तर हा फरक जसाच्या तसा राहतो. ब्रेकचं कव्हर जाड निघालं तर वाढतोच. म्हणजे उपयोग असलाच तर एकट्या रेसच्या कव्हराचा, तेही थोडं उंच किंवा ब्रेकच्या बाजूला सरकलेलं असेल तर. मात्र मधली फट जितकी कमी, तितका रुंद बुटाने ट्रॅफिकमध्ये ब्रेकसोबत रेसही दाबला जाण्याचा धोका जास्त. रोज सायनहून जाम काढत जाणाऱ्याने ही फट कमी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लिपवाले कव्हर घेऊच नका. रबरावर बसवलेली पकड हळूहळू ढिली होते, आणि सुटलेलं कव्हर ब्रेकच्या मागे अडकलं तर ब्रेक पूर्ण दाबला जाणार नाही. नटबोल्टवाले बरे, पण नायलॉक नटच (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) हवेत. प्लास्टिकच्या रेस पेडलला भोक पाडलं तर तडा जाऊ शकतो. पृष्ठभागावर रबराच्या गुठळ्या हव्यातच. जुलैत ओल्या तळव्याखाली नुसतं अ‍ॅल्युमिनियम साबणासारखं सरकतं. चपलेवर तर हील-टो करूच नये.

अजून एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या, म्हणजे रेस केबलऐवजी संगणकामार्फत चालणाऱ्या, काही गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबले की संगणक रेस कापतो. तिथे कुठलंही कव्हर कामाचं नाही. उभ्या गाडीत न्यूट्रलला ब्रेक धरून रेस देऊन आरपीएमचा काटा वर जातो का ते बघता येतं. पण काही गाड्या रेस चालत्या वेगातच कापतात, त्यामुळे एवढ्यावर खात्री धरू नका.

तेव्हा आमचा सल्ला: संच सोडा, झिजलेले मूळ पेडल रबर बदला आणि पातळ, अरुंद तळव्याचे बूट वापरा. सराव आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर ब्रेकविना करा: क्लच, गिअर, टिचकी, क्लच. गचका थांबला की मग ब्रेक जोडा. टिचकी देताना ब्रेकवरचा दाब वाढला तर नाक खाली जातं, सुटला तर वर येतं. बॉनेटकडे लक्ष ठेवलं की चूक लगेच कळते. बोरघाट उतरायला हील-टोची गरज नाही, उतार लागण्याआधीच तिसरा किंवा दुसरा टाकला की इंजिनच गाडी धरतं.

तरीही कव्हर बसवलंच, तर निघण्यापूर्वी रेस तळापर्यंत दाबून सोडा. जाड मॅटमध्ये त्याची खालची कड अडकत असेल तर मॅट कापा किंवा कव्हर काढा. ब्रेक सोडल्यावर मागचे लाल दिवे विझतात का, तेही कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्या.