नासाची ‘फर्म्स’ वणवा-सूचना सेवा: डोंगराखालच्या वस्तीला कितपत उपयोगी?

सावंतवाडी शहराला नरेंद्र डोंगर खेटून उभा आहे. अशा डोंगरावर वाळलेल्या गवताने पेट घेतला, तर काजूच्या बागा आणि पायथ्याची घरे दोन्ही धोक्यात येतात. म्हणून वणव्याची खबर देणारी प्रत्येक सेवा येथील रहिवाशांनी नीट पारखून घ्यावी. ‘फर्म्स’ विनामूल्य आहे. ईमेल पत्ता देऊन नकाशावर आपला परिसर आखला की त्या हद्दीत उपग्रहाला टिपता आलेल्या आगीची सूचना ईमेलने येते.

तरीही केवळ तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. ‘व्हिर्स’ हे उपकरण वाहणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमारास जातात आणि त्यानंतर माहिती नकाशावर यायला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे सायंकाळी पेटलेले गवत मध्यरात्रीपूर्वी विझले, तर त्याची नोंद बहुधा होतच नाही. आणि वाऱ्याने भडकून ते डोंगर चढले, तर सूचना पहाटे येईपर्यंत सगळा उतार काळा झालेला असतो. शिवाय नकाशावरचा ठिपका सुमारे ३७५ मीटरच्या चौकटीचा मध्य दाखवतो, म्हणजे आग बागेच्या कुंपणाशी आहे की पलीकडच्या घळीत, हे त्यावरून ठरवता येत नाही. भाजावळीच्या, म्हणजे पेरणीपूर्वी जमीन भाजण्याच्या, दिवसांत शेतात जाळलेला राब (पालापाचोळा) आणि वणवा यांतला फरकही माणसानेच जाऊन पाहावा लागतो.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल तिच्या जुन्या नोंदींत आहे. ‘मोडिस’ या जुन्या उपग्रह-उपकरणाच्या नोंदी २००० पासून आणि अधिक बारकाव्याच्या ‘व्हिर्स’च्या २०१२ पासून उतरवून घेता येतात. डोंगराची कोणती सोंड वर्षानुवर्षे पेटते, हे त्यांतून दिसते, आणि जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा) प्रथम कोठे काढावी याविषयी ग्रामसभेत किंवा वनविभागाकडे ठोस आधाराने बोलता येते. हे काम गवत पुरते वाळण्यापूर्वीच उरकायला हवे, म्हणून नोंदी पावसाळा सरताच काढून ठेवाव्यात. त्यांतील वेळ ग्रीनिचप्रमाणे असते. तीत साडेपाच तास मिळवावेत.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या एसएमएस सूचनांसाठीही नाव नोंदवावे. मात्र धूर प्रत्यक्ष दिसला, तर फोन हातात घेऊन नकाशा उघडत न बसता वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा.